कव्हरवरचा ग्राफ कोणाचा?

दिवाळीत खामगावला घरी आले होते. थेसिसचं तिसरं प्रकरण संपवायचं म्हणून लॅपटॉप, दोन वह्या असं सगळं घेऊन आले आणि नेहमीप्रमाणे लिहिलं काहीच नाही. त्याऐवजी दुसरंच काम गळ्यात पडलं. माझा चुलतभाऊ इथल्या एका कॉलेजात बी.ए.ला आहे, पत्रकारितेचा पेपर घेतलाय. त्याच्या गटाला मीडिया प्रोजेक्ट होता : एक ऑडिओ अल्बम तयार करायचा आणि त्याचं पॅकेजिंगही. पुढचं कव्हर, मागचं कव्हर, आतलं घडीचं पत्रक, आणि चित्रं स्वतः काढलेली हवीत. गटाने अल्बम केला जात्यावरच्या ओव्यांचा. आसपासच्या खेड्यांतल्या आज्या शोधल्या, त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. हे काम त्यांनी खरंच मनापासून केलं होतं.

मग मला कव्हरचं प्रूफ दाखवलं. मागे लोणार सरोवर, तेही गुलाबी. त्यावर पांढऱ्या नागमोडी रेषांचा एक गठ्ठा, खालून वरपर्यंत. मधेच डोंगरासारखे उंचवटे. तुम्ही तो शंभर टक्के पाहिलाय. टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, कुणाच्या तरी दंडावर टॅटू म्हणून.

‘‘या रेषा कशाच्या आहेत?’’ मी विचारलं.

‘‘ताई, ते डिझाइन आहे. फेमस आहे.’’

‘‘हो, पण कशाचं?’’

‘‘साउंड वेव्ह असंल ना. गाण्याचा अल्बम आहे म्हणून टाकलं.’’

ती साउंड वेव्ह नाही. ते एका पीएचडी थेसिसमधलं चित्र आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट-नेटच्या तयारीत असाल आणि म्हणाल की या ब्लॉगवर अल्बमच्या कव्हरचं काय काम. तर काम एवढंच की आपल्यासारख्याच एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने काढलेला ग्राफ जगातल्या सर्वात ओळखीच्या अल्बम कव्हरांपैकी एक झाला, आणि त्या विद्यार्थ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. या कव्हरबद्दल माझं मत अर्धं कौतुकाचं आहे आणि अर्धं तक्रारीचं. दोन्ही सांगते.

आधी कव्हर. जून १९७९ मध्ये मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने जॉय डिव्हिजन या बँडचा पहिला अल्बम काढला, ‘अननोन प्लेझर्स’. कव्हर पीटर सॅव्हिलने केलं. तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता, आदल्याच वर्षी कॉलेजातून बाहेर पडलेला. मूळ चित्र बँडवाल्यांनीच हुडकून आणलं होतं, ‘केंब्रिज एन्सायक्लोपीडिया ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ या १९७७ च्या पुस्तकातून. पुस्तकात ते पांढऱ्यावर काळं होतं. सॅव्हिलने ते उलटवलं, काळ्यावर पांढरं केलं. अक्ष काढले, आकडे काढले, आकृतीखालची ओळ काढली. पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही. एलपीच्या त्या फूटभर चौकोनात मधोमध छोटंसं चित्र आणि भोवती नुसता काळा.

तेव्हाच्या रेकॉर्डच्या दुकानात हे कसं दिसलं असेल याचा विचार करा. शेजारची कव्हरं गायकांचे चेहरे दाखवतायत, नावं ओरडून सांगतायत, आणि मधे हे. अल्बमच्या दोन बाजूंना ‘साइड वन’, ‘साइड टू’ म्हणायच्या ऐवजी ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ अशी नावं दिली होती, म्हणजे बाहेरच्या काळ्या चौकोनापासून आतल्या तबकडीपर्यंत सगळ्याचा एकत्र विचार झालेला होता. माझ्या मते या कव्हरची ताकद रेषांमध्ये जेवढी आहे तेवढीच भोवतीच्या रिकाम्या काळ्यात आहे. आमच्या मुलांनी नेमकं तेच काढून टाकलं होतं. रेषा ताणून कडेपर्यंत नेल्या होत्या. का, तर ‘‘जागा वाया जाते.’’

आता चित्रातल्या रेषांकडे येऊ. इथे भौतिकशास्त्राचा एक परिच्छेद सहन करा.

मोठा तारा मेल्यावर कधीकधी त्याचा गाभा आकसून वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा उरतो. तो स्वतःभोवती गरगर फिरतो. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओलहरींचा झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा फिरतो, आणि तो आपल्यावरून गेला की दुर्बिणीत एक ठोका येतो. हाच पल्सार. पहिला पल्सार १९६७ मध्ये केंब्रिजला सापडला, त्याचं नाव सीपी १९१९, आणि त्याचा ठोका दर १.३३७ सेकंदांनी येतो. त्या कव्हरवरची एकेक रेषा म्हणजे या ताऱ्याचा एकेक ठोका. एक ठोका, त्याला लागून पुढचा, त्याला लागून त्याच्या पुढचा. अशा ८० रेषा. गुणाकार केलात तर १०७ सेकंद येतात. एवढ्या प्रसिद्ध चित्रामागे पावणेदोन मिनिटांचा डेटा आहे. प्रत्येक रेषेत पूर्ण १.३३७ सेकंदही नाहीत; ठोक्याच्या आजूबाजूचा छोटा तुकडा तेवढा आहे.

(पल्सार ही काही फक्त लांबच्या देशांतली भानगड नाही, हेही सांगून ठेवते. पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी दुर्बीण आहे. गोविंद स्वरूपांनी उभी केलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, आणि पल्सार हा तिचा एक मुख्य विषय. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला खुली असते. एकदा जाऊन या. तमाशाची पंढरी आणि पल्सारची पंढरी शेजारीशेजारी, असं गाव दुसरीकडे मिळणार नाही.)

हा आलेख काढला हॅरॉल्ड क्राफ्ट यांनी, कॉर्नेल विद्यापीठातल्या आपल्या १९७० च्या थेसिससाठी. डेटा प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीचा. २०२० मध्ये कोसळली तीच. पण आलेख असाच का काढला? ओळीने रेषा रचण्यामागे सुंदर दिसावं असा काही हेतू नव्हता. प्रश्न होता.

पल्सारचे शेकडो ठोके एकत्र करून सरासरी काढली की एक ठरलेला आकार मिळतो, तो बदलत नाही. पण सुटा ठोका पाहिला तर दर वेळी वेगळा. त्याच्या पोटात आणखी छोटे उपठोके असतात. हे उपठोके वाटेल तिथे येतात, की ठोक्यागणिक एका बाजूला हळूहळू सरकत जातात? हे सरासरी काढून कळणार नाही, कारण सरासरीत नेमकं तेच पुसलं जातं. ते कळायला ठोके सुटे ठेवून एकाखाली एक लावावे लागतात, म्हणजे डोळ्याला तिरकी सरक दिसते. क्राफ्ट आणि त्यांचे वरिष्ठ फ्रँक ड्रेक यांनी १९६८ मध्ये अशा सरकण्यावर शोधनिबंधही लिहिला होता. म्हणजे आधी प्रश्न, मग त्या प्रश्नासाठी आलेखाचा आकार. तुम्ही सिनॉप्सिस लिहिताना ‘डेटा व्हिज्युअलायझेशन केले जाईल’ असं एक वाक्य टाकता ना (मीही टाकलं होतं), तेव्हा हे आठवा. कशासाठी केले जाईल?

पहिल्या प्रयत्नात क्राफ्ट यांच्या रेषा एकमेकींना छेदत होत्या आणि नुसता गोंधळ दिसत होता. मग त्यांनी प्रोग्राम बदलला : पुढची टेकडी उंच असेल तर तिच्यामागची रेषा लपवायची. त्यातून तो डोंगररांगांचा भास आला. संगणकाने काढलेली ही आकृती त्यांनी कॉर्नेलमधल्या एका ड्राफ्ट्सवुमनकडे दिली. तिने ती इंडिया इंकने हाताने गिरवली, रेषा ठसठशीत केल्या. थेसिसमधून ती आकृती जानेवारी १९७१ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये गेली, पुढे एन्सायक्लोपीडियात, आणि तिथून कव्हरवर.

आता तक्रारी. पहिली वैज्ञानिक आहे आणि छोटी आहे. टेकडीमागचा डेटा लपवणं हा सौदा आहे : वाचायला सोपं, पण काही माहिती गेली. आज असे सुटे ठोके दाखवायला बहुतेक जण करड्या छटांचा चौकोन वापरतात, त्यात काहीच लपत नाही. दिसायला मात्र तो अगदीच निरस असतो. क्राफ्ट यांनी केलेला सौदा मला त्या काळासाठी योग्यच वाटतो, कारण त्यांना जे पाहायचं होतं ते टेकड्यांच्या जागांवरून दिसत होतं. तुम्ही असा आलेख काढाल तेव्हा कुठला भाग झाकला गेला ते मात्र लिहा. नाहीतर रिव्ह्यूअर लिहायला लावतोच.

दुसरी तक्रार सॅव्हिलबद्दल असेल असं तुम्हाला वाटेल : अक्ष का काढले! नाही. कव्हरवर एक्स-अक्ष आणि वाय-अक्ष छापा असं म्हणणारी मी नाही. कव्हर म्हणजे पेपर नव्हे. अक्ष काढल्यामुळेच ते चित्र मोकळं झालं. कुणाला त्यात समुद्र दिसतो, कुणाला डोंगर, कुणाला हृदयाचे ठोके. आमच्या गटातल्या एकाने पाहून सांगितलं, ‘‘हे तं नांगरेल वावर दिसते, ताई.’’ काळ्या मातीत पांढरे तास. मी इतकी वर्षं ते चित्र पाहतेय, मला हे कधी सुचलं नव्हतं.

माझी खरी तक्रार मागच्या बाजूची आहे. अल्बमला पुढची बाजू असते तशी मागची असते, आतलं पत्रक असतं. पुढून जे जे काढलंत ते मागे बारीक अक्षरांत ठेवायला जागा असते. पॅकेजिंग म्हणजे नुसतं चित्र नसतं ते यासाठीच. हा आलेख कुणाचा, ही गोष्ट मात्र संगीताच्या चाहत्यांपर्यंत पोचायला ३५ वर्षं लागली. २०१५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्याच ग्राफिक्स विभागातल्या जेन ख्रिश्चनसन यांनी पुस्तकातून मासिक, मासिकातून थेसिस असा माग काढला आणि क्राफ्ट यांना गाठलं. क्राफ्ट यांनी त्यांना सांगितलं की कव्हरबद्दल त्यांना अल्बम आल्यानंतर एका सहकाऱ्याकडून कळलं. मग ते रेकॉर्डच्या दुकानात गेले, तिथे अल्बम होता, तो विकत घेतला, पोस्टरही घेतलं. स्वतःच्या थेसिसमधली आकृती पैसे देऊन! ते यावर चिडलेले मुळीच नव्हते. मला मात्र वाचताना चिडचिड झाली.

आणि जिने शाईने गिरवलं तिचं नाव या हकिकतीतही नाही. ती ‘एक ड्राफ्ट्सवुमन’ एवढीच उरली आहे.

या साखळीच्या पहिल्या कडीलाही हेच झालं होतं. सीपी १९१९ चा पहिला ठोका कागदावर ओळखला तो जोसलिन बेल यांनी, त्याही तेव्हा पीएचडीच्या विद्यार्थिनी. शेतात तारा बांधून दुर्बीण उभारण्यात त्यांचे हात होते, आणि रोज सुमारे ३० मीटर कागद डोळ्यांनी तपासायचं काम त्यांचं. १९७४ चं नोबेल त्यांचे गाइड अँटनी ह्यूइश यांना मिळालं, मार्टिन राइल यांच्यासोबत. बेल यांना २०१८ मध्ये ३० लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, ते सगळे पैसे त्यांनी भौतिकशास्त्रात संशोधन करणाऱ्या, सहसा मागे राहणाऱ्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकले. एका चित्रामागे तीन माणसं, तिघंही उतरंडीत खालच्या पायरीवर. चित्र मात्र टी-शर्टावर. २०१२ मध्ये डिस्नेने याच रेषांतून मिकी माउसचा आकार काढून टी-शर्ट विकायला ठेवला होता. आरडाओरड झाली तसा काढून घेतला.

नावाचाच विषय निघालाय तर एक भर. ‘आर’मध्ये काम करणाऱ्यांनी असे आलेख काढले असतील. २०१७ मध्ये या प्रकाराला बँडवरून ‘जॉयप्लॉट’ हे नाव पडलं आणि क्लाउस विल्के यांनी ‘जीजीजॉय’ नावाचं पॅकेज काढलं. थोड्याच दिवसांत कुणीतरी लक्षात आणून दिलं की बँडचं नाव मुळात नाझी छावण्यांवरच्या एका कादंबरीतून आलंय, आणि तिथे ते बायकांवर लादलेल्या वेश्याव्यवसायाचं नाव आहे. विल्के यांनी पॅकेजचं नाव बदलून ‘जीजीरिजेस’ केलं. मला हे आवडलं. शंभर ठिकाणी कोड बदलावा लागला असेल, पण केलं. तुम्ही जुन्या ट्यूटोरियलमध्ये पहिलं नाव पाहिलंत तर ते तिथून आलंय.

आता परत आमच्या प्रूफकडे. मी मुलांना जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला स्वतःलाही लागू होतं.

गुलाबी लोणार कशाला? जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं ते खारटपणा वाढल्यामुळे. मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांच्यातल्या रंगद्रव्याचा तो रंग. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले होते. उत्तम विषय आहे, पण ओव्यांशी त्याचा काय संबंध? उत्तर आलं, ‘‘आपल्या जिल्ह्याचं काहीतरी पाहिजे ना.’’ म्हणजे ते चित्र नव्हतं, जिल्ह्याचा शिक्का होता. शिवाय फोटो नेटवरून घेतलेला. कुणी काढला ते माहीत नाही.

रेषा? टेम्प्लेट. मी झूम करून पाहिलं तर त्या खऱ्या ८० रेषाही नव्हत्या. कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये मनाने टेकड्या काढून ‘वेव्ह पॅटर्न’ म्हणून फुकट ठेवल्या होत्या. म्हणजे पल्सारही नाही, आजीचा आवाजही नाही. कशाचाच डेटा नाही.

मला ओरडायचा अधिकार कमीच होता. माझ्या एमएस्सीच्या प्रबंधात सहा आकृत्यांखाली ‘स्रोत : इंटरनेट’ असं लिहिलेलं आहे. बाइंड करून, सोनेरी अक्षरांत नाव टाकून. त्यातली एक आकृती कुणाच्या तरी थेसिसमधली होती हे मला पीएचडीला आल्यावर एक जुना शोधनिबंध वाचताना कळलं. त्या माणसाने ते मोजमाप करायला किती रात्री घालवल्या असतील याचा तेव्हा मला अंदाज आला, कारण मी तेच मोजमाप करायचा प्रयत्न करत होते आणि जमत नव्हतं.

तर मी म्हटलं, रेषाच हव्यात ना? मग आपल्या रेषा काढू. जातं तर तुमच्याकडेच आहे.

गटातल्या एका मुलीच्या आजीने ज्वारी दळत एक ओवी म्हटली. मोबाइल जात्याजवळ जमिनीवर उताणा ठेवला. मी ती फाइल पायथनमध्ये घेतली, आवाजाच्या चढउताराची रेषा काढली आणि एका फेरीला दोन सेकंद लागत असतील असं धरून तिचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे पाडले. क्राफ्ट यांच्यासारखे एकाखाली एक रचले. आणि काय, टेकड्या सरळ खाली यायच्या ऐवजी तिरक्या उजवीकडे पळत गेल्या.

इथे मला फार मजा आली, कारण पल्सारच्या डेटाचंही असंच होतं. आवर्तकाल किंचित चुकला की प्रत्येक रेषेत चूक साठत जाते आणि ठोके तिरके सरकतात. तिरकेपणा किती यावरून चूक किती हे काढता येतं. मुलांना मी हे गणित सांगत बसले तोवर त्या मुलीने फेऱ्या सरळ कानाने मोजल्या : ६६ सेकंदांत ३० फेऱ्या. म्हणजे फेरीला २.२ सेकंद. तो आकडा टाकला आणि मधल्या टेकड्या सरळ उभ्या राहिल्या. पूर्ण नाही. दोन ठिकाणी रेषा वाकते. मला वाटलं रेकॉर्डिंगची चूक असेल. आजी म्हणाली, तिथे दाणे वैरले, हात मंदावतोच. आणि दुसरीकडे ओवीचं चरण संपलं म्हणून श्वास घेतला. तारा इतका नेमका फिरतो की दाणे वैरायला थांबत नाही. जातं थांबतं. मला तर ती वाकलेली जागाच सगळ्यात आवडली, आणि ती ‘सरळ करायची’ नाही यावर मी अडून बसले. डेटा साफ करण्याचा मोह किती पटकन होतो ते पाहा. दोन क्लिकमध्ये झालं असतं.

याच मुलीची एक चित्रवही होती. तिने सगळ्या आज्यांच्या घरची जाती पेन्सिलने काढली होती. खुंटा झिजून एका बाजूला कललेला, वरच्या दगडाला तारेने बांधलेली चीर, खाली सांडलेलं पीठ. गटाने ती आधीच नाकारली होती, ‘गावठी दिसते’ म्हणून. माझं मत विचाराल तर अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. ती चित्रं आतल्या पत्रकात गेली, प्रत्येक ओवीसमोर त्या आजीचं जातं. आणि पुढच्या कव्हरसाठी तिने माझा संगणकी आलेख ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने गिरवला. ३० रेषा, दोन संध्याकाळी. कॉर्नेलच्या त्या बाईची गोष्ट मी तिला गिरवून झाल्यावर सांगितली.

छपाईबद्दल थोडं, कारण हे कुणी सांगत नाही. गावात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेलो. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या रेषा म्हणजे छापणाऱ्याची परीक्षा. गडद काळा यावा म्हणून चारही शाया एकावर एक दिल्या आणि एक जरी केसभर सरकली, तरी पांढरी रेष भरून जाते किंवा तिला रंगीत कड येते. आम्ही एकच काळी शाई वापरली. काळा थोडा फिका आला, पण रेषा जगल्या. रेषाही अर्ध्या पॉइंटपेक्षा जाड कराव्या लागल्या. आणि स्क्रीनवर जो झगमगीत गुलाबी दिसतो तो छपाईत येतच नाही, मातकट होतो, त्यामुळे लोणारचा प्रश्न असाही सुटला असता.

राहिलं मागचं कव्हर. पहिल्या प्रूफमध्ये ते असं होतं : वर संस्थेची नावं, मग मान्यवरांचे आभार, मग मार्गदर्शक, मग गटातल्या सहा जणांची नावं ठळक टायपात, आणि शेवटी ‘गायन : ग्रामीण महिला’. बस्स. मी भांडले ते इथे. घरी जुन्या कॅसेटी असतील तर त्यांच्यातलं घडीचं कार्ड काढून बघा, किती बारीक असलं तरी गाणारीचं, लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं नाव असतं. आणि ओव्यांच्या बाबतीत तर आपल्याकडे फार मोठा दाखला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत असतात, आणि तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव असतं. लाखभर ओव्यांना हे जमतं, तर अकरांना का नाही?

मुलांचा मुद्दाही अगदीच फालतू नव्हता. नाव छापायचं तर विचारायला हवं, आणि आज्या नाही म्हणाल्या तर? मग विचारून या, म्हटलं. आम्ही गेलो. दोघींनी नाव नको सांगितलं, एकीने सुनेचं काय म्हणणं पडेल म्हणून. त्यांच्यापुढे फक्त गाव छापलं. बाकीच्यांनी हो म्हटलं. दळणाऱ्या आजीने मात्र अट घातली.

‘‘माह्यं एकटीचं कायले टाकता? जातं का एका हातानं फिरते?’’

तिच्यासमोर बसून खुंट्याला दुसरा हात लावणारी, ओवीचा दुसरा चरण उचलणारी शेजारीण होती. पाच-सहा वर्षांपूर्वी वारली. निम्म्या ओव्या तिच्या. तर दोघींची नावं आली. ती मी इथे लिहीत नाही, कव्हरवर आहेत.

मान्यवरांच्या आभारांची जागा कमी करावी लागली, त्यावरून थोडं नाराजीनाट्य झालं. ते सोडा. पुढच्या चित्राबद्दल मागे चार ओळी आल्या : जात्याच्या ३० फेऱ्यांचा आवाज, प्रत्येक रेष २.२ सेकंद, दळणारीचं नाव, रेखाटन करणारीचं नाव, मांडणी हॅरॉल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या थेसिसमधील आकृतीवरून. पहिल्या प्रूफात क्राफ्टचं ‘क्राप्ट’ झालं होतं. दुसऱ्यात दुरुस्त केलं.